हवा कोरडी झाली की

बाहेर चव्वेचाळीस.
सात रस्त्याचं डांबर चपला धरून ठेवतं,
रिक्षावाले सीटवर ओला टॉवेल अंथरून बसतात,
आणि मी दुसऱ्या मजल्यावर
सदतीस अंश राखत असते.

सदतीस. छत्तीस नाही, अडतीस तर नाहीच.
कार्बन डायऑक्साइड सहा टक्के, ऑक्सिजन पाच,
थेंबावर तेलाची पातळ साय,
दिवा मंद,
दार उघडायचं तेही मोजून.
नऊ वर्षांत मी अत्तर लावलेलं नाही.
गजरा नाही, धाकट्या बहिणीच्या लग्नातसुद्धा,
कारण दुसऱ्या दिवशी ड्युटी होती
आणि मोगरा केसांत रात्रभर राहतो.

फेब्रुवारीत नागमणी चिलवेरीची अकरा बीजं आली.
गोल, नितळ,
बघूनच हात हलका व्हावा अशी.
सुईनं एकेकात एकेक शुक्राणू सोडला.
सतरा तासांनी झाकण काढलं.
आत दोन ठिपके दिसायला हवे होते,
एक तिचा, एक त्याचा, शेजारी टेकलेले.
अकरांपैकी एकात दिसले.
बाकीची दहा नुसतीच
माझ्याकडे बघत राहिली.

त्याच आठवड्यात आणखी तिघींचं असंच.
डॉक्टर म्हणाले, बीजंच कमकुवत असतील.
फाइलीत तसंच लिहितात.
मी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

सिलिंडर तपासले. तीन थर्मामीटर लावले.
बाटल्यांचे नंबर, जनरेटरची वही,
पहाटे वीज गेलेली अकरा सेकंद, तेवढं चालतं.
इरण्णा फरशी पुसता पुसता थांबला.
तो आधी सूत रंगवायच्या कारखान्यात होता,
नाकावर पोट भरलेला माणूस.
"मॅडम, खालून गोंदाचा वास येतोय बघा."

खाली चादरींचं नवं दुकान.
प्लायवूड, सनमायका,
पिवळा गोंद डब्याडब्यानं, सात दिवस.
मला वासच आला नव्हता.
फिल्टर बदलायची तारीख जानेवारीतली.
पुढं ढकलल्याची सही माझी.
हेच कारण, असं शपथेवर कुणी सांगणार नाही.
मीही नाही.
पण सही माझी.

सांगू नका, म्हणाले होते.
मी तिला बोलावलं.
व्यंकटेश पावतीची घडी घालत होता, उलगडत होता,
परत घालत होता.
मी फिल्टर म्हटलं, हवा म्हटलं, वास म्हटलं.
नागमणी अक्कलकोट रोडला कांड्या भरते.
ती म्हणाली,
"आमच्या शेडमधे पण हवा कोरडी झाली की
सारखं सूत तुटतंय.
मालक म्हणतो, बाईचा हात वाईट.
पाणी मारलं की तुटत नाय."
ती रडली नाही.
रागावली का, तेही कळलं नाही.
पदर खोचत उठली, दारापर्यंत गेली
आणि विचारलं,
"मग पाणी कुणी मारायचं होतं?"

आता मे.
फिल्टर नवा. दुसरा राखीव, कपाटात, माझ्या किल्लीखाली.
या खेपेचा खर्च कुणी करायचा
यावरून झालेली भांडणं इथं नकोत.
या वेळी बीजं सातच.

सकाळचे सव्वासात.
इरण्णानं जिना नुसत्या पाण्यानं पुसलाय.
खाली दुकानाचं शटर अजून बंद.
व्यंकटेश रिक्षा स्टँडवर उभा आहे, वर येत नाही.
नागमणी पहिल्या पाळीला गेली असेल,
सुट्टी काढली तर हजेरी जाते.

झाकण.
पहिलं: काही नाही.
दुसरं: काही नाही.
तिसऱ्यात दोन ठिपके,
टेकलेले,
बाकावर जागा करून दिल्यासारखे.
मी श्वास सोडत नाही.
सवयच तशी, इथं
माझ्या श्वासाचाही हिशेब असतो.

चौथं.